पायरीखालचा उपदेश

वडटाकळी, ता. वसमत
१२ मे २०२५

प्रिय पुनम,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, ऊन मात्र बरं नाही. दहा वाजले की पत्रे असे तापतात की मांजरसुद्धा मोरीत जाऊन पडतं. तू कशी आहेस? जालन्याला पाणी रोज येतं का? हॉस्टेलच्या पोरी ऐकतात का तुझं, की पहिल्याच महिन्यात डोक्यावर बसल्या? तुझी आई सांगत होती, तिथे तुला सगळ्या "वॉर्डन मॅडम" म्हणतात. मी म्हटलं, म्हणू देत बापड्या. त्यांनी तुला रविवारच्या शाळेत शेंबूड पुसत वचन पाठ म्हणताना कुठे पाहिलंय!

फोन असताना म्हातारी पत्र कशाला लिहीत बसली, असं वाटेल तुला. पण फोनवर तू म्हणतेस, "बरी आहे पाळकीणमावशी," मी म्हणते, "बरं बाई," आणि दोघी ठेवून देतो. महिना-दीड महिना आपलं असंच चाललंय. कागदावर एवढ्यावर भागत नाही, म्हणून कागद घेतला.

आज बुद्धपौर्णिमा. शेजारच्या रत्नपालकडून सकाळीच डबाभर खीर आली. डॉक्टरनं माझी साखर बंद केलीय हे त्याच्या बायकोला चांगलं ठाऊक आहे. तरी म्हणाली, "मावशी, आजच्या दिवशी डॉक्टरबी खातो." मी दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी तुझ्या वाटणीची म्हणून झाकून ठेवली आणि दुपारी तीही खाल्ली.

हळद सगळी निघाली. शिजली, वाळली, पॉलिश होऊन बाजारात गेली. तुझ्या आईचे हात अजून पिवळे आहेत. या वर्षीही मंडळीच्या चर्चपुढच्या अंगणात तीन घरांची हळद वाळत होती. रविवारी लोक चपला हातात घेऊन कडेकडेनं आत यायचे. विजयकुमार म्हणाला, "देवाच्या दारात वाळली म्हणून भाव काई जास्त भेटत न्हाई. उचला आता." आपल्या मंडळीच्या सेक्रेटरीचं बोलणं तुला माहीतच आहे.

त्याचं नाव आलं म्हणून पत्र फाडू नकोस. त्याच्याबद्दल मला पुढे लिहायचं आहे.

रविवारची भक्ती होते. वसमतचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, प्रभुभोजन देतात आणि पुढच्या गावाला पळतात. बाकीच्या रविवारी गाणी होतात, प्रार्थना होते, विजयकुमार एक अध्याय वाचतो आणि खाली बसतो. साडेदहाला सगळे घरी. तू होतीस तेव्हा बारा वाजत आले तरी कुणी उठत नसे, आणि मग बायका चुलीवरचं वरण करपलं म्हणून तुझ्याच नावानं बोटं मोडत धावायच्या. आता कुणाचं वरण करपत नाही. तू उभी राहायचीस ती हार्मोनियमच्या बाजूची, पायरीखालची जागा मोकळी असते. मुद्दाम कुणी ठेवलेली नाही, पण तिथे कुणी बसतही नाही.

ती जागा मीच तुला दिली होती. आठवतं ना?

आमचे हे, तुझे पाळककाका, देवाघरी गेल्यावर आपल्या मंडळीला स्वतःचा पाळक मिळालाच नाही. सात गावांना मिळून एक साहेब आणि एक मोटारसायकल. पहिली दोन वर्षं मी गाणी-प्रार्थना करून कसंबसं दार उघडं ठेवलं. मग तू पवित्र शास्त्राचं शिक्षण पुरं करून आलीस आणि पंचांपुढे मी तुझं नाव काढलं. विजयकुमार म्हणाला, "पोरगी चांगली हाय, आमचं काई म्हणणं न्हाई. पण बाईमाणसानं उपदेश करायचा, हे आपल्यात बसत न्हाई." खिडकीपाशी बसणारा कोंडीबा तर टोपी घालून निघायला उठलाच होता. तेव्हा मी म्हटलं, "उपदेश कोण करून राहिलंय? ती साक्ष देईल. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सांगायला बाईला कधीपासून मनाई?"

साक्षीला कोण नाही म्हणणार? बायका देतच आल्या आहेत. लेकराचा ताप उतरला, हरवलेली म्हैस सापडली, नातू दहावी सुटला, देवाची स्तुती असो, आणि पदर सावरून खाली बसायचं. पंचांनाही सुटल्यासारखं झालं. त्या दिवसापासून फळ्यावर गीतांच्या आकड्यांखाली लिहिलं जाऊ लागलं: साक्ष – पुनम. पायरीच्या खाली उभं राहायचं, व्यासपीठाला हात लावायचा नाही आणि "आजचा संदेश" असं म्हणायचं नाही. एवढं पाळून तू पाऊण तास बोलायचीस. पाऊण तासाची साक्ष! मी पहिल्या रांगेत बसून गालातल्या गालात हसायचे. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं मला वाटायचं. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते, पुनम.

आणि तू बोलायचीस काय! तो रविवार मी विसरत नाही. तू म्हणालीस, "मेंढरू हरवतं तेव्हा ते मेंढराला कळत नाही. ते चरतच असतं. कळतं ते घरच्यांना." एवढंच म्हणून तू थांबलीस आणि खिडकीपाशी बसलेल्या कोंडीबाकडे पाहिलंससुद्धा नाहीस. पण तो त्या दिवशी घरी गेला आणि बाटली उकिरड्यावर फोडून आला. त्याची बायको मला सांगताना हसत होती की रडत होती, कळेना. तुझं नाव ऐकून टोपी घालून उठलेला हाच तो कोंडीबा.

वीज गेली. पंख्याशिवाय हात ओला होतो आणि अक्षर पसरतं. बाकीचं उद्या लिहीन. खरं म्हणजे वीज गेली हे निमित्त बरं मिळालं.

१३ मे, सकाळ

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. खिरीबद्दल किती लिहिलं मी! काकांना राग यायचा माझ्या या सवयीचा. म्हणायचे, "सुमन, तू वसमतला जायला निघालीस की हिंगोलीवरून वळसा घालतेस." आता वळसा नको.

विजयकुमारनं काही केलेलं नाही, पुनम. त्यानं कुणालाही पढवलेलं नाही. पढवलं ते मी.

फेब्रुवारीत मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या सभेचे तिघे आले, त्याच्या आदल्या दिवशी विजयकुमारला फोन आला होता. "उद्या येतो, पुनमबद्दल मंडळीशी बोलायचं आहे," इतकंच ते म्हणाले. तो मला सांगायला आला. कळमनुरीकडच्या मंडळीत बोलणाऱ्या राणीकडेही मागच्या वर्षी असेच तिघे आले होते. चहा घेतला, गोड बोलले, ती उपदेश करते का एवढंच विचारलं, आणि पंधरवड्यात तिचं काम बंद झालं. शिवाय नाताळच्या आधी तू धुरपताबाईला माती दिली होतीस. वसमतच्या साहेबांची गाडी वाटेत बंद पडली, ऊन चढत होतं, पुरुष फावडी टेकून उभे, आणि चार शब्द म्हणायला कुणी नाही. विजयकुमारनंच पुस्तक तुझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटलं, कुणीतरी चुगली केली. आता ही पोरगी गेली.

त्या संध्याकाळी मी घरोघर फिरले. हळदीच्या कढईपाशी बायका होत्या तिथेही गेले, धुरानं डोळे चुरचुरत होते. सगळ्यांना एकच सांगितलं. विचारलं तर म्हणा, ती फक्त साक्ष देते. उपदेश कधी केला नाही. दफनाला प्रार्थना विजयकुमारनं केली.

आणि विजयकुमार मला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "खोटं काहून बोलायचं पाळकीणबाई? केलं ते केलं. विचारतील तर सांगू." मीच त्याच्यावर डाफरले, "तुला पोरीचं काम बंद करायचंय का? तुला पहिल्यापासून ती नकोच होती." त्यानं पायांत चपला घातल्या. मग "बरं" म्हणून निघून गेला. जो माणूस तुझ्या विरोधात होता तो खरं बोलायला तयार होता, आणि मी त्याला खोट्याला लावलं.

तुला मात्र काही बोलले नाही. तू खोटं बोलायला तयार झाली नसतीस, हे मला माहीत होतं. तू तेव्हा म्हणालीही होतीस, "मावशी, एक गोष्ट आहे, पण नंतर सांगते." आधी सांगितलं असतंस तर, असं मी कितीदा मनात म्हटलं. पण तू कोणत्या तोंडानं सांगणार होतीस? पाळकपदाची दीक्षा हा शब्द निघाला की मीच तुला गप्प करायचे. "त्या नादी लागू नकोस, आहे ते काम जाईल," हे माझं नेहमीचं. तू माझ्या नकळत दीक्षेसाठी अर्ज केलास, यात तुझी चूक नव्हती.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. तुला त्यांनी आधी मंडळीत बसवून विचारलं आणि तू खरं सांगितलंस, दर रविवारी उपदेश करते, माती दिली आहे. मग तुला कढईवर पाठवून ओसरीवर आम्हाला विचारलं. आणि आम्ही सगळे एका तोंडानं म्हणालो, छे, नुसती साक्ष.

सगळे नाही. कोंडीबा आदल्या संध्याकाळी शेतावर होता, त्याला मी गाठू शकले नव्हते. तो मधेच आला, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, या पोरीच्या उपदेशानं मी प्यायचं सोडलं. तेवढं लिवून घ्या." तेव्हा मी हसले, पुनम. मोठ्यानं हसले आणि म्हटलं, "त्यांना कमी ऐकू येतं साहेब. साक्षीलाच ते उपदेश म्हणतात." मग बाकीचेही हसले. कोंडीबानं माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं चार लोकांसमोर देवाचं काम सांगितलं आणि मी त्याला बहिरा ठरवलं.

मार्चमध्ये तुला सभेचा फोन आला. दीक्षेसाठी नाव घेतलं नाही एवढंच असतं तर तू सोसलं असतंस. पण त्यांनी तुला खोटारडी ठरवलं. जे केलं नाही ते केलं म्हणून सांगते, अशा मुलीच्या हाती मंडळी कशी द्यावी? तू माझ्याकडे आलीस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस आणि म्हणालीस, "विजयकुमारनं सगळ्यांना पढवलं मावशी. त्यानंच." मी तुझ्या केसांतून हात फिरवत होते. तेव्हा मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, "देव बघून घेईल." देवावर ढकललं की आपलं तोंड उघडायला लागत नाही.

मग जालन्याला निघताना कुरुंद्याच्या स्टँडवर तू त्याला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललीस. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि तुझी ट्रंक एसटीत चढवून दिली. परत येताना रिक्षात मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. घराशी उतरल्यावर म्हणाला, "पाळकीणबाई, आमी तुमचं नाव घेतलं न्हाई. घेणार बी न्हाई. पण तुमी तरी घ्या." त्यानं दुसऱ्यांदा हे कधी काढलं नाही. मला त्यानं शिव्या घातल्या असत्या तर सोपं झालं असतं.

एवढं होऊनही मी महिना-दीड महिना काढला. मग गेल्या आठवड्यात तुझी आई पाणी प्यायला टेकली आणि सहज बोलून गेली की तू तिकडे रविवारी कुठल्याच मंडळीत जात नाहीस. "पुस्तक ट्रंकंतच हाय म्हनं अजून. काढलंच न्हाई." ती पाणी पिऊन गेली आणि मी तिथेच बसून राहिले. तुझं काम वाचवायला मी खोटं बोलले, असं स्वतःला सांगत होते. आणि काम तर गेलंच, तुझा देवसुद्धा ट्रंकेत गेला.

परवाच्या रविवारी विजयकुमारनं अध्याय वाचून पुस्तक मिटलं तेव्हा मी उठले. म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे. लोकांना वाटलं, म्हातारीची साखर उतरली असेल. मी तुझ्या जागी, पायरीखाली उभी राहिले. आधाराला हार्मोनियमवर हात टेकला आणि ते भसकन वाजलं. पोरं हसली. मग मी सांगितलं. पुनमनं या मंडळीत उपदेश केला आहे, आपण सगळ्यांनी ऐकला आहे, तिनं माती दिली आहे, आणि तुम्हाला खोटं बोलायला मी लावलं. विजयकुमारचा काही दोष नाही. बहिरे कोंडीबा नाहीत.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, तो दूर जाईपर्यंत ऐकू येत होता. मग कोंडीबा बसल्या जागेवरून म्हणाला, "मला ऐकू येतंया पाळकीणबाई. तवाबी येत व्हतं."

भक्तीनंतर तो दारात थांबला होता. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलावंच. तो म्हणाला, "पुनमला कळवा. मला माती तिनंच द्यायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू देनार न्हाई. तवर मी मरून बी न्हाई राहिलो." त्याची बायको म्हणाली, "ऐकलं का? पोरगी आली न्हाई तर हे असंच डोक्यावर बसणार माझ्या." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन दार लावून रडले.

इथे पत्र संपवलं तरी चालण्यासारखं आहे. म्हातारीनं मायेपोटी केलं, भीतीपोटी केलं, ते तिघे खरं कशाला आले ते तिला माहीत नव्हतं. मंडळीत मी एवढंच सांगितलं आणि लोकांनी मला माफ केल्यासारखंही झालं. दोघीतिघी तर गळ्यात पडल्या. पण ते अर्धं होतं. उरलेलं फक्त तुला सांगायचं आहे, आणि ते लिहायला काल वीज गेल्याचं मी निमित्त केलं.

मला खरं कारण माहीत होतं. उशिरा कळलं, पण वेळ गेली नव्हती.

त्या तिघांत त्या बाई होत्या ना, रेव्हरंड कोमलबाई. मी पहिल्यांदाच बाईच्या गळ्याला पाळकांची ती पांढरी पट्टी पाहिली. जेवणं झाल्यावर त्या मागच्या नळावर हात धुवायला आल्या. मी टॉवेल घेऊन उभी होते. दोघीच होतो. ओल्या हातानं त्या म्हणाल्या, "बाई, आम्ही चौकशीला नव्हतो आलो हो. पुनमला दीक्षा देता येईल का, ते बघायला आलो होतो. फार आशेनं आले होते मी. पण अनुभवच नाही म्हटल्यावर… तुम्हाला अजून काही सांगायचंय का?"

एका वाक्याचं काम होतं. "बाई, आम्ही घाबरून खोटं बोललो," एवढं म्हटलं असतं तर त्या परत ओसरीवर जाऊन बसल्या असत्या. आणि मी तोंड उघडलंही होतं. पण माझी नजर त्या पट्टीवर होती.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. काकांचे उपदेश माझे होते. सगळे नाहीत, पण पुष्कळ. शनिवारी मी भाकरी थापत बोलायचे आणि ते पाटावर बसून लिहून घ्यायचे. रविवारी ते पायरी चढायचे आणि मी डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत बसून ऐकायचे, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. लोक म्हणायचे, "पाळकसाहेब, आज काय बोललात!" ते माझ्याकडे बघून हसायचे. भला माणूस होता. त्यांनी एकदाही लोकांना सांगितलं नाही, आणि मी एकदाही सांगा म्हटलं नाही. तेवढं हसणं मला पुरतं, असं मी पंचेचाळीस वर्षं समजत होते.

त्या नळापाशी मला कळलं की पुरलेलं नाही. माझ्या मनात आलं, हिला मिळणार? शेंबड्या पोरीला, जिला मी अक्षरं शिकवली? ती पायरी चढणार, पट्टी घालणार, आणि मी परत पहिल्या रांगेत? मला नाही, तर तिला तरी का?

असं वाटलं मला, पुनम. क्षणभरच वाटलं, पण बोलायचा क्षणही तोच होता. मी म्हटलं, "टॉवेल घ्या बाई." त्यांनी हात पुसले आणि गेल्या.

तुझ्यावर माझी माया खोटी नाही. एका पोटात दोन्ही होतं, आणि त्या दिवशी दुसरं वर आलं. याच्यावर मी काही सारवासारव करणार नाही.

काल पत्र अर्धं ठेवलं आणि संध्याकाळी कोमलबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, नळापाशी मनात काय आलं तेसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच काहीतरी वाटलं होतं. टॉवेल द्यायला तुम्ही फार वेळ लावलात. मी अजून विचारायला हवं होतं." मग स्वच्छ शब्दांत सांगितलं की या वर्षीचं गेलं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा येतील, सगळ्यांचं पुन्हा ऐकून घेतील, आणि तू खोटी नव्हतीस हे त्या या महिन्याच्या बैठकीत स्वतः सांगतील. पण तुझं नाव पुढे जायला तू पुन्हा अर्ज केला पाहिजेस. मी म्हटलं, मी तिला करायला लावते. त्या म्हणाल्या, "नको. तिच्या बाजूनं बोलण्याचं काम तुम्ही एकदा केलंत. आता तिचं तिला ठरवू द्या."

म्हणून अर्ज कर असं मी म्हणत नाही. परत ये असंही म्हणत नाही, आणि माफ कर हे तर लिहायला मला तोंडच नाही. फक्त विजयकुमारला एक फोन कर. तो उचलेल आणि हळदीच्या भावाबद्दल बोलेल, दुसरं काही बोलणार नाही, तरी कर. आणि ट्रंक उघड. माझ्यावरचा राग पुस्तकावर काढू नकोस. माझा राग माझ्यावर काढ, मी अजून चार-दोन वर्षं आहे.

एक सांगायचं राहिलं. व्यासपीठ दर शनिवारी मीच पुसते, तुला ठाऊक आहे. पायरी चढायची, मंडळीकडे पाठ करून पुसायचं आणि उतरायचं, अशी सासूबाईंपासूनची रीत. बाईनं पुसलेलं चालतं, तिथून तोंड दाखवलेलं चालत नाही. गेल्या शनिवारी, उद्या सगळ्यांना सांगायचं हे ठरल्यावर, मी फडकं हातात घेऊनच मंडळीकडे वळले. रिकामे बाक होते. तरी तिथून सगळं दिसतं गं. खिडकीपाशी कोंडीबाची जागा, दाराशी तुझ्या आईची, आणि पहिल्या रांगेतली माझी तर अगदी हाताच्या अंतरावर. मला वाटायचं, तिथे उभं राहिलं की माणूस मोठा दिसतो. तिथून बाकीचेच स्पष्ट दिसतात. मी उतरले आणि पायरी पुन्हा पुसून काढली.

तू वर उभी राहशील की नाही, ते तू ठरव. मावशी म्हणून सही करायला या वेळी हात धजत नाही. पण एक नातं मी तोंडानं कधी कबूल केलं नव्हतं, ते आज लिहून देते.

तुझ्या मंडळीतली,
पहिल्या रांगेत बसणारी,
सुमन